आकाशातले बारसे

मराठी माणसाचे सारे आयुष्य 'नाव' या दोन अक्षरांभोवती फिरत असते. जन्मल्यावर त्याचे नाव ठेवतात, सहाव्या वर्षी शाळेत नाव घालतात, लग्नात त्याला नाव घ्यायला लावतात, आणि पुढे त्याने घराण्याचे नाव काढावे, निदान बुडवू तरी नये, अशी साऱ्यांची अपेक्षा असते. इतके करून जो सुखाने जगू लागतो त्याला शेजारीपाजारी नावे ठेवतात!

मी पेशाने शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. दोन्ही धंद्यांत नावांशी माझी गाठ रोजची. हजेरीपट उघडला की कोणत्या सालात कोणत्या नावाची लाट आली होती ते पानावर दिसते. कादंबरीचे तर विचारूच नका. पात्राला योग्य नाव सापडेपर्यंत ते बापडे एक पाऊल पुढे टाकत नाही. त्यामुळे जगात कोठे नावे ठेवण्याचा मोठा कारभार चालू आहे असे कळले की माझे कान टवकारतात. असाच एक कारभार गेली सव्वादोनशे वर्षे आपल्या डोक्यावर, आकाशात चालू आहे. त्याचीच हकीकत या दिवाळीत वाचकांपुढे ठेवतो.

मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मध्ये मोठे अंतर आहे. तेथे एखादा ग्रह असायला हवा, असे अठराव्या शतकातल्या ज्योतिषांना वाटत होते. (ज्योतिषी म्हणजे येथे पत्रिका पाहणारे नव्हेत, दुर्बिणीतून पाहणारे.) हा हरवलेला ग्रह हुडकण्यासाठी जर्मनीत मंडळी जमवून आकाशाची वाटणीही झाली होती. पण मान गेला भलत्यालाच. १ जानेवारी १८०१ च्या रात्री, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दिवशी, सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात जुझेप्पे पियाझ्झी नावाच्या पाद्र्याला ताऱ्यांची यादी करताना एक ठिपका दिसला. पुढच्या रात्रींत तो जागचा हललेला आढळला. तारा असा हलत नाही.

पियाझ्झीने त्याचे नाव ठेवले 'सेरेस फर्दिनांदेआ'. सेरेस ही रोमन लोकांची धान्यदेवता, आणि सिसिली ही तिची लाडकी भूमी. दुसरा शब्द होता राजे फर्डिनंड यांच्यासाठी. वेधशाळा राजाश्रयाची, पगार राजाचा, तेव्हा बारशात राजाचे नाव आलेच! देवाला नैवेद्य आणि राजाला नजराणा एकाच ताटात. असा प्रयोग त्यापूर्वीही झाला होता. इंग्लंडात विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये नवा ग्रह शोधला आणि त्याला तिसऱ्या जॉर्ज राजाचे नाव दिले. पण इंग्लंडच्या राजाचे नाव फ्रेंचांनी आणि जर्मनांनी का घ्यावे? तो ग्रह शेवटी 'युरेनस' झाला. पियाझ्झीच्या ग्रहाचेही तेच झाले. फर्दिनांदेआ गळून पडले आणि सेरेस राहिली.

नाव मिळाले, पण बाळच हरवले! थोड्याच दिवसांत सेरेस सूर्याच्या उजेडात दिसेनाशी झाली. पुन्हा कोठे उगवेल ते कोणाला सांगता येईना, कारण वेध थोडेच घेतले होते. तेव्हा चोवीस वर्षांच्या एका तरुणाने कागदावर गणित मांडले आणि अमुक ठिकाणी पाहा असे सांगितले. वर्ष संपता संपता सेरेस तेथेच सापडली. त्या तरुणाचे नाव कार्ल फ्रीडरिश गाउस. दुर्बिणीला डोळा न लावता, निव्वळ लेखणीने हरवलेला ग्रह परत आणणारा हा माणूस पुढे गणिताचा सम्राट ठरला.

सेरेसच्या पाठोपाठ १८०२ मध्ये पॅलस, १८०४ मध्ये जूनो आणि १८०७ मध्ये व्हेस्टा अशा तीन भगिनी सापडल्या. दुर्बिणीतून त्या ताऱ्यांसारख्या नुसत्या ठिपक्यांएवढ्या दिसत, म्हणून हर्शेलने त्यांना 'अ‍ॅस्टेरॉइड', म्हणजे ताऱ्यासारखे, असा शब्द काढला. आपण त्यांना लघुग्रह म्हणतो. यांतली व्हेस्टा ओल्बर्स नावाच्या डॉक्टरला सापडली. दिवसा रोगी आणि रात्री तारे पाहणारा हा सज्जन मनुष्य. नाव ठेवण्याचा हक्क त्याचा, पण त्याने तो मान गाउसला देऊन टाकला. आपल्याकडे मूल आईचे, आणि कानात कुर्र करायला मात्र आत्या! तसाच हा प्रकार. व्हेस्टा हे चुलीच्या पवित्र अग्नीच्या देवतेचे नाव गाउसने निवडलेले आहे.

त्यानंतर अडतीस वर्षे काही सापडले नाही. मोठमोठ्या वेधशाळांनी नाद सोडला. तो सोडला नाही एका पोस्टातल्या निवृत्त नोकराने. प्रशियातल्या ड्रीसेन गावचा कार्ल हेंके पंधरा वर्षे रात्र रात्र जागून आकाशाचे नकाशे ताडून पाहत होता. ८ डिसेंबर १८४५ रोजी त्याला पाचवा लघुग्रह सापडला. या माणसाने हट्ट धरला असता तर स्वतःच्या आईचे किंवा बायकोचे नाव आकाशात गेले असते. पण त्याने नाव ठेवण्याचा मान बर्लिनच्या एंके या ज्योतिषाला दिला, आणि त्याने 'अ‍ॅस्ट्रीआ' हे न्यायदेवतेचे नाव ठेवले. दीड वर्षाने हेंकेला दुसरा लघुग्रह मिळाला. त्याच्या बारशाला त्याने वृद्ध गाउसला बोलावले. सत्तरीच्या गाउसने नाव निवडले 'हेबी'. हेबी म्हणजे तारुण्याची देवता! म्हाताऱ्याच्या मनात तेव्हा काय आले असेल, ते सांगायला कादंबरीकार नको.

येथून पुढे मात्र लघुग्रहांचा पूर आला आणि देवता कमी पडू लागल्या. लंडनच्या जॉन हाइंडने १८५० मध्ये बाराव्या लघुग्रहाला 'व्हिक्टोरिया' म्हटले. ही रोमनांची विजयदेवता, असे तो सांगे. पण सिंहासनावर कोण बसले आहे ते साऱ्या जगाला ठाऊक होते. अमेरिकेतल्या ज्योतिषांनी नाक मुरडले आणि 'क्लिओ' हे नाव चालवून पाहिले. शेवटी व्हिक्टोरियाच टिकली. देवतेचा पदर धरून राणी आत शिरली! पुढे असा पदर धरण्याचीही गरज उरली नाही. पॅरिसमध्ये हेर्मान गोल्डश्मिट नावाचा चित्रकार एका जुन्या कॉफीगृहाच्या वरच्या मजल्यावर राहत असे आणि तेथूनच लहानशा दुर्बिणीने लघुग्रह शोधी. त्याने असे चौदा शोधले. १८५७ मध्ये सापडलेल्या पंचेचाळिसाव्याला 'यूजेनिया' हे नाव मिळाले, ते तिसऱ्या नेपोलियनच्या राणीचे. खऱ्याखुऱ्या माणसावरून ठेवलेले हे पहिले निःसंशय नाव. पुढच्याच वर्षी त्याने अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या महान निसर्गशास्त्रज्ञाचा सन्मान केला. पण लघुग्रहाचे नाव स्त्रीलिंगीच हवे असा तेव्हाचा दंडक, म्हणून अलेक्झांडरची 'अलेक्झांड्रा' झाली. अस्सल पुरुषी नाव लागायला १८९८ साल उजाडावे लागले. तो लघुग्रह 'इरॉस', म्हणजे ग्रीकांचा मदन.

याच काळात आपल्या मद्रासेत एक इंग्रज ज्योतिषी बसला होता. नॉर्मन पॉग्सन त्याचे नाव. ऑक्सफर्डला असताना त्याला सापडलेल्या लघुग्रहाचे नाव 'इसिस' आहे. ही मिसर देशाची देवता खरी, पण पॉग्सनच्या लेकीच्या नावातही इसिस होते आणि तिच्यावरूनच ते सुचले असे मानले जाते. ही एलिझाबेथ इसिस पुढे मद्रासच्या वेधशाळेत बापाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबली. १८६१ मध्ये पॉग्सनने मद्रासेतून एक लघुग्रह टिपला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून त्याचे नाव 'एशिया'. आपल्या खंडाचे नाव आकाशात गेले ते मद्रासच्या गच्चीवरून, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

आणि मग नाव विकायला निघाले. व्हिएन्नाचा योहान पालिसा हा डोळ्याने लघुग्रह टिपण्यात अजोड मनुष्य. १८८५ मध्ये त्याला पुढच्या वर्षीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी पैसा हवा होता. त्याने सरळ जाहिरात दिली : पन्नास पौंड द्या, लघुग्रहाचे नाव ठेवा. सावकारांचे सावकार बॅरन आल्बर्ट फॉन रोथशिल्ड यांनी तो हक्क घेतला आणि आपल्या पत्नीचे नाव दिले, 'बेटिना'. काही वाचक नाक मुरडतील. मला तसे वाटत नाही. ताजमहालापेक्षा सौदा पुष्कळ स्वस्तात झाला आणि कोणाचे हातही दुखले नाहीत! खुद्द आल्बर्टच्या नावाची गंमत तर याहून मोठी. पालिसाने १९११ मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाला बॅरनसाहेबांचे नाव दिले, आणि तो लघुग्रह जो हरवला तो थेट २००० साली सापडला. लक्ष्मीपुत्राचे नाव एकोणनव्वद वर्षे अंधारात फिरत होते.

याच पालिसाने ठेवलेले आणखी एक नाव मला बेटिनापेक्षा जवळचे वाटते. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात भयंकर उपासमार झाली. तेव्हा हर्बर्ट हूवर या अमेरिकन गृहस्थाने तेथे अन्नाची मदत पोहोचवली. १९२० मध्ये पालिसाने लघुग्रहाला नाव दिले 'हूवेरिया'. हूवर पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, पण हे नाव त्या गादीसाठी नव्हे. भुकेल्या शहराने भाकरीची केलेली ती परतफेड होती.

नाव नको म्हणणारेही असतात. जर्मनीतले गुस्टाफ श्ट्राके हे लघुग्रहांच्या कक्षांचे गणित करणारे विद्वान. त्यांनी निक्षून सांगितले, माझे नाव कोणत्याही ग्रहाला देऊ नका. कार्ल राइनमुट हा त्यांचा चाहता. त्याने आज्ञा मोडली नाही आणि पाळलीही नाही. १२२७ पासून १२३४ पर्यंतच्या आठ लघुग्रहांना त्याने ओळीने झाडाफुलांची नावे दिली : जिरेनियम, स्केबिओसा, टिलिया आणि अशीच पुढली. या आठ नावांची रोमन लिपीतली आद्याक्षरे जोडली की वाचता येते 'जी. श्ट्राके'! आपल्याकडचे जुने कवी ओव्यांच्या आद्याक्षरांत गुरूचे नाव गुंफीत. राइनमुटने ते आकाशात गुंफले. पुढे श्ट्राके यांच्या नावाचा उघड लघुग्रहही झाला, पण मला ही फुलांची माळच अधिक आवडते.

आता हा कारभार नियमांनी बांधला गेला आहे. नवा लघुग्रह दिसला की त्याला आधी वर्षाचा आकडा आणि रोमन अक्षरे मिळून तात्पुरती खूण मिळते. बारशाआधी आपण बाळाला 'छकुली' किंवा 'सोन्या' म्हणतो ना, तसे. कैक वर्षे वेध घेऊन त्याची वाट पक्की ठरली की कायमचा क्रमांक मिळतो. मग शोधणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत नाव सुचवण्याचा अधिकार असतो. आंतरराष्ट्रीय ज्योतिष संघाची समिती ते नाव पारखते. नाव सोळा अक्षरांहून मोठे नको. शक्यतो एकाच शब्दाचे हवे, उच्चारता यावे, कोणाचा अपमान करणारे नसावे, दुसऱ्या नावाशी घोटाळा होऊ नये. व्यापारी मालाची जाहिरात तर मुळीच नको. म्हणजे पालिसाचे दुकान कायमचे बंद! आणि सर्वांत शहाणा नियम असा, की राजकारणी आणि लढवय्ये यांच्या नावाचा विचार त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावरच करायचा. आपल्या नगरपालिकांनी रस्त्यांसाठी हा नियम घेतला तर किती पाट्या रंगवण्याचा खर्च वाचेल!

पाळीव प्राण्यांची नावेही समितीला रुचत नाहीत. त्याला कारण एक मांजर. अमेरिकन ज्योतिषी जेम्स गिब्सन याने आपल्या लघुग्रहाला 'मिस्टर स्पॉक' म्हटले. लोकांना वाटले, हे दूरचित्रवाणीवरच्या प्रसिद्ध पात्राचे नाव. पण ते होते त्याच्या मांजराचे, आणि मांजराचे नाव त्या पात्रावरून! नाव राहिले, पण अशी नावे पुढे सुचवू नयेत असे ठरले.

गुरूच्या वाटेवर त्याच्या मागेपुढे लघुग्रहांचे दोन कळप चालतात. त्यांना ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावे देतात, एका कळपाला ग्रीकांची आणि दुसऱ्याला ट्रॉयच्या बाजूची. पण ही वाटणी ठरण्यापूर्वीच दोन नावे ठेवून झाली होती. त्यामुळे ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांत अडकला आणि ग्रीकांचा पॅट्रोक्लस ट्रॉयकरांत. कौरवांच्या छावणीत भीमाचा तंबू पडावा तसे हे दोघे शत्रूच्या गोटात फिरत आहेत.

आपली माणसे या यादीत आहेत का, असे वाचक विचारतील. आहेत. गणिती रामानुजन आहेत. तो लघुग्रह १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या कावलूर येथून सापडला. पॉग्सनच्या मद्रासेतल्या शेवटच्या लघुग्रहानंतर मध्ये शंभरांहून अधिक वर्षे गेली होती. चंद्रशेखर आहेत, रामन आहेत, वेणू बाप्पू आहेत. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद आहेत. मुंबईकर रसिकांनी ज्यांच्या मैफली डोळे मिटून ऐकल्या त्या पंडित जसराजांचे नाव २०१९ मध्ये ३००१२८ या क्रमांकाच्या लघुग्रहाला मिळाले. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. हा आकडा उलटीकडून वाचून पाहा. ही समेवर आलेली टाळी म्हणायची!

पण काही नावे वाचताना टाळी वाजवावीशी वाटत नाही. २३ मार्च १९४२ रोजी जर्मनीतल्या हायडेलबर्गला राइनमुटने, त्याच फुलांची माळ गुंफणाऱ्याने, एक लहानसा लघुग्रह टिपला. त्या वेळी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक बारा वर्षांची ज्यू मुलगी अजून मोकळ्या हवेत वावरत होती. जूनमध्ये तिच्या वाढदिवसाला तिला रोजनिशी मिळाली, आणि जुलैमध्ये ती आईबापांबरोबर लपून बसली. अशा लोकांची नावे पुसून त्यांच्या जागी आकडे घालणारे राज्य तेव्हा जर्मनीत होते. पुढे त्या आकड्यांच्या छावणीतच ती मुलगी गेली. युद्ध संपले, ते राज्य बुडाले, आणि त्याच्याच भूमीवरून सापडलेल्या त्या लघुग्रहाला नाव मिळाले 'अ‍ॅन फ्रँक'. २००२ मध्ये एक अमेरिकन यान त्याच्या जवळून गेले. ज्या मुलीला दोन वर्षे खिडकीचा पडदा सारण्याचीही चोरी होती, तिच्या नावाला आता सूर्याभोवती फिरायला कोणाची परवानगी लागत नाही.

अशीच आणखी दोन नावे. कल्पना चावला २००३ मध्ये 'कोलंबिया' यानाबरोबर गेली. तिच्या आणि तिच्या सहा सोबत्यांच्या नावांचे लघुग्रह एकापाठोपाठ एक क्रमांकांचे आहेत. मेल्यावरही त्या सातांची हजेरी एकाच पानावर आहे. त्यापूर्वी, २८ जानेवारी १९८६ रोजी, 'चॅलेंजर' यानात सात जण गेले. त्यांतली क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळामास्तरीण होती. अंतराळातून मुलांना धडे देण्यासाठी ती निघाली होती. ३३५२ क्रमांकाचा लघुग्रह तिच्या नावाने आहे. राजे, राण्या, सावकार, सम्राज्ञी यांच्या पंगतीत खडू हातात धरणाऱ्या एका बाईचे पान मांडले गेले, याचे मला, त्याच धंद्यातल्या माणसाला, मोठे समाधान वाटते. २००१ पासून तर अमेरिकेतल्या एका योजनेमुळे विज्ञान प्रदर्शनांत बक्षिसे मिळवणाऱ्या शाळकरी मुलांची आणि त्यांच्या शिक्षकांचीही नावे लघुग्रहांना मिळाली आहेत. त्यांत भारतातली मुलेही आहेत.

आज क्रमांक मिळालेले लघुग्रह आठ लाखांहून अधिक आहेत. नाव मिळालेले पंचवीस हजारांच्या आसपास. म्हणजे शंभरांत तिघांचेच बारसे झाले आहे. बाकीचे सारे आकड्यावर दिवस काढीत आहेत. पृथ्वीवर तरी काय निराळे आहे? ज्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकात आली ते थोडे. ज्यांनी शेते पिकवली, रस्ते बांधले, मुलांना धुळाक्षरे गिरवायला लावली, ते सारे नावाविना गेले. पण आकाशाची रचना चालते ती या साऱ्यांनी मिळून, नुसत्या नामवंतांनी नव्हे.

आणि पहिल्या सेरेसचे पुढे काय झाले? मार्च २०१५ मध्ये 'डॉन' नावाचे यान तिच्याभोवती फिरू लागले. धान्यदेवतेच्या अंगावरच्या खळग्यांना जगातल्या शेतीच्या दैवतांची नावे द्यायची आणि इतर खुणांना सुगीच्या सणांची, असे ठरले. तेथे एक एकुलता डोंगर उभा आहे, सुमारे चार किलोमीटर उंच. त्याचे नाव 'अहुना'. आपल्या नागालँडमधल्या सुमी नागांचा हा सुगीनंतरचा सण. नवे धान्य शिजवायचे आणि देवाचे आभार मानायचे. तेथेच खळग्यांच्या एका माळेला 'पोंगल' म्हणतात. ज्या राजाचे नाव पियाझ्झीने मोठ्या अदबीने जोडले होते, त्याला तेथे आज कोणी विचारीत नाही. नागा शेतकऱ्याचा सण मात्र तेथे डोंगर होऊन बसला आहे.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या लावून झाल्या की मुलांना क्षणभर अंगणात न्यावे. अमावस्येच्या काळोखातही लघुग्रह नुसत्या डोळ्यांना दिसायचे नाहीत. पण नव्या भाताच्या पोह्यांची मूठ हातात घेऊन, असल्याच सुगीच्या नावाचा एक डोंगर त्या काळोखात फिरतो आहे, एवढे त्यांना सांगावे. मुले पुढचे आपोआप विचारतील.